गॅलरीत आम्हालाही बसू द्या : कोल्हापूरच्या तालीम मंडळांना खुले पत्र

प्रति,
सर्व तालीम मंडळे, तरुण मंडळे व फुटबॉल संघांचे पदाधिकारी, ज्येष्ठ कार्यकर्ते, खेळाडू आणि समर्थक,
कोल्हापूर.

सप्रेम नमस्कार.

आपल्या तालमींतून उभ्या राहिलेल्या संघांचा नवा फुटबॉल हंगाम तोंडावर आला आहे. एरवी या दिवसांत चौकाचौकांत चर्चा असायची ती कोणता खेळाडू कोणत्या संघात गेला, नवा गोलरक्षक कसा आहे आणि साखळीत कोणाची गाठ कोणाशी पडणार याची. अलीकडे मात्र पहिला प्रश्न विचारला जातो तो हंगाम पुरा होणार का, हा. गेल्या काही वर्षांत समर्थकांच्या हाणामाऱ्यांमुळे सामने थांबले, गॅलरीतून दगड आणि बाटल्या आल्या, पोलिसांनी लाठी उगारली, तरुण पोरांवर गुन्हे दाखल झाले आणि प्रत्येक वेळी काही दिवस गेले की जणू काही घडलेच नव्हते अशा रीतीने पुढचा चषक सुरू झाला. प्रशासनाने बैठका घेतल्या, नियमावल्या निघाल्या, वृत्तपत्रांनी लिहिले. ज्यांच्या एका शब्दावर पेठेतली पोरे उठतात आणि बसतात त्या आपणा मंडळींनी मात्र उघडपणे, स्वतःच्या मंडळाचे नाव घेऊन, आपल्याच पोरांना चार शब्द सुनावल्याचे आम्हा सामान्य प्रेक्षकांच्या कानावर फारसे आले नाही. हे पत्र त्या मौनामुळे लिहावे लागत आहे, आणि म्हणूनच ते पोलिसांना किंवा महापालिकेला न लिहिता आपल्याला लिहिले आहे.

मी कोणत्या पेठेची हे मुद्दाम सांगत नाही. ते कळले की पत्रातला प्रत्येक मुद्दा कोणत्या संघाच्या बाजूचा आणि कोणाच्या विरुद्धचा याची मोजदाद सुरू होईल. याच गावात जन्मले, वडिलांचे बोट धरून शाहू स्टेडियमच्या दगडी पायऱ्यांवर बसायला शिकले आणि आजही संध्याकाळ मोकळी मिळाली की पाय तिकडेच वळतात, एवढी ओळख पुरेशी आहे.

माझ्यासारख्या माणसाची संध्याकाळ या शहरात तीन ठिकाणी जाते. भवानी मंडपाजवळच्या करवीर नगर वाचन मंदिरात पुस्तक बदलायचे, सामना असेल तर स्टेडियम गाठायचे आणि एखादी बैठक असेल तर रात्री देवल क्लबमध्ये गाणे ऐकायचे. या तिन्ही गोष्टी पायी चालण्याच्या अंतरात आहेत, आणि किती शहरांच्या नशिबी असे असते याचा विचार केला की मला कोल्हापूरकर असल्याचा मनापासून अभिमान वाटतो. वाचन मंदिर १८५० सालचे. गायन समाज देवल क्लब १८८३ सालचा. देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये झाला तो आपल्या कोल्हापूर संस्थानात. उस्ताद अल्लादिया खाँ यांना राजर्षी शाहू महाराजांनी दरबारी आश्रय दिला, त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ यांनी इथे शिष्य घडवले, आणि जयपूर-अत्रौली घराण्याचा इतिहास सांगताना आपल्या गावाचे नाव टाळता येत नाही. महाराजांनीच १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधले, त्याला लागून १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे केले, ज्याला आपण आज केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो.

खासबागेबद्दल एक गोष्ट इथे मुद्दाम सांगायची आहे. त्या मैदानाची रचनाच अशी आहे की कडेची बैठक उतरत हौद्याकडे येते आणि कुठेही बसले तरी कुस्ती दिसते. पुढच्याच्या डोक्यामुळे मागच्याची अडचण होत नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मैदान बांधताना लांबच्या खेड्यातून चालत येणाऱ्या आणि शेवटच्या रांगेत बसणाऱ्या माणसाचा विचार झाला होता. मल्लाची काळजी सगळेच घेतात, महाराजांनी बघणाऱ्याचीही घेतली. फुटबॉलचा बघणारा आज ज्या अवस्थेत आहे ती पाहिली की मला खासबागेच्या त्या पायऱ्या आठवतात.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या काळवंडलेल्या भिंतींसमोर रडत उभी असलेली माणसे सगळ्या पेठांची होती आणि कोण कोणत्या चौकातला हे विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. त्या नाट्यगृहात ज्यांनी कधी पाऊलही ठेवले नसेल अशा रिक्षावाल्यांचे आणि भाजीवाल्यांचे डोळे मी ओले झालेले पाहिले. गावाची एखादी वास्तू आपल्या सगळ्यांची असते हे कोल्हापूरला कोणी शिकवायला नको. मग शाहू स्टेडियम तेवढे दोन बाजूंत कापलेले का असावे?

आता माझ्या तक्रारी सांगते. त्या कोणत्याही एका मंडळाविषयी नाहीत. प्रत्येकाने आपापल्या चौकात उभे राहून त्या वाचाव्यात.

सगळ्यात आधी शिव्यांबद्दल लिहिते, कारण बाकीचे तिथूनच सुरू होते असे माझे मत आहे. गॅलरीत शिवी पूर्वीही होती. गोल चुकला, पंचांनी शिट्टी उशिरा मारली, तर माणूस चिडून काहीतरी बोलायचाच, आणि शेजारची वडीलधारी मंडळी त्याला तिथल्या तिथे दाबायची. आता शिवी चिडून तोंडातून निसटत नाही, ती ठरवून, तालावर, शे-दोनशे जणांच्या एका सुरात येते. समोरच्या संघाच्या खेळाडूची आई, बहीण, त्याची पेठ, कधी त्याची जात, काहीही सुटत नाही. नायजेरियासारख्या देशांतून इथे येऊन खेळणारे खेळाडू आपल्या गावाने खरे तर जीव लावून सांभाळले, त्यांच्यापैकी काहींना मोडकी मराठीही येऊ लागली, आणि त्यांच्याच रंगावरून आवाज काढलेले मी ऐकले आहेत. माझ्या पुढच्या पायरीवर एकदा एक बाप आपल्या लहान मुलाला खांद्यावर घेऊन उभा होता. आरोळी सुरू झाली तसे त्या पोराने, अर्थ न कळता, टाळ्यांच्या तालावर तेच शब्द उच्चारायला सुरुवात केली. बापाने त्याच्या तोंडावर हात ठेवला, एकवार मागे वळून बघितले आणि सामना अर्धाही झाला नसताना तो पायऱ्या उतरून निघून गेला. पुढे तो परत आला का, मला ठाऊक नाही. असे किती जण दर हंगामात गेटबाहेर पडतात याची नोंद कोणत्याही मंडळाकडे नाही.

यातून सर्वांत मोठे नुकसान झाले ते बायकांचे आणि मुलींचे. २०१७ च्या अखेरीस महिलांच्या राष्ट्रीय लीगची प्राथमिक फेरी याच मैदानावर झाली होती. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या मुली खेळत होत्या आणि आपल्या गावातल्या शाळकरी पोरी गॅलरीतून डोळे विस्फारून बघत होत्या. त्यांतल्या कित्येक जणी आज खेळतात. सकाळी सरावाला येणाऱ्या मुलींची संख्या बघितली तर मन भरून येते. पण त्याच मुलींना संध्याकाळी आपल्या गावच्या वरिष्ठ संघांचा सामना बघायला घरातून परवानगी मिळत नाही, आणि परवानगी न देणाऱ्या आईबापांना मी दोष देऊ शकत नाही. बचावपटूने अंगावर येणाऱ्या आघाडीपटूला बाहेरच्या बाजूला कसे ढकलत न्यावे, पाठ गोलकडे असताना चेंडू पायात घेऊन एका स्पर्शात कसे वळावे, हे मैदानाच्या काठावर बसूनच कळते. त्या मुलींनी ते कुठे बघायचे? मोबाईलवर परदेशातले सामने बघून?

दुसरी गोष्ट आहे मैदानात घुसण्याची आणि वस्तू फेकण्याची. याबाबत मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण पुष्कळ जण याला पेठेची ईर्षा म्हणून, पोरसवदा रग म्हणून हसण्यावारी नेतात.

१६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. मैदानावर दोन खेळाडूंमध्ये धक्काबुक्की झाली, त्याची ठिणगी स्टँडमध्ये पडली, दोन्ही बाजूंचे समर्थक एकमेकांवर तुटून पडले आणि चेंगराचेंगरीत १६ जण मेले. ती घरची पोरे होती. सामना बघायला म्हणून दुपारी जेवून बाहेर पडलेली. कोलकात्यात आजही १६ ऑगस्टला त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान होते. दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातल्या मलांग जिल्ह्यात यजमान संघ हरल्यावर त्याचेच समर्थक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि बाहेर पडण्याच्या दारांशी गर्दी चिरडली जाऊन १३५ माणसे गेली. तणाव नको म्हणून त्या सामन्याला पाहुण्या संघाच्या समर्थकांना प्रवेशच दिलेला नव्हता. तरीही हे घडले. म्हणजे 'दुसऱ्या बाजूची पोरे नसली की सगळे ठीक होईल' हे जे आपण एकमेकांना सांगतो, त्याला काही अर्थ नाही.

आपल्या स्टेडियममधून सामना सुटल्यावर बाहेर पडताना कधी थांबून बघा. सगळे एकाच वेळी उठतात, सगळ्यांना आधी गेटवर पोहोचायचे असते, दुचाक्या रस्त्यात आडव्यातिडव्या लावलेल्या असतात आणि बाहेर गुलाल घेऊन जिंकलेली पोरे उभी असतात. त्या क्षणी मागून एक दगड आला तर पुढे असलेली म्हातारी माणसे आणि लहान मुले कुठे जातील, याचा विचार करून माझ्या अंगावर काटा येतो. ज्या दिवशी असे काही घडेल त्या दिवशी दगड कोणी मारला याला काही महत्त्व उरणार नाही.

पंचांचेही इथेच सांगते. आपल्या सामन्यांना शिट्टी मारणारे बहुतेक पंच याच मातीतले आहेत, स्वतः खेळलेले आहेत, नोकरीधंदा सांभाळून खेळावरच्या प्रेमापोटी उन्हात पळतात. त्यांचे निर्णय चुकतात. कोणत्याही देशात, कोणत्याही लीगमध्ये चुकतात. पण पेनल्टी दिली म्हणून पंचांच्या अंगावर धावून जायचे, सामन्यानंतर त्यांना गराडा घालायचा, त्यांच्या कॉलरला हात घालायचा, आणि मंडळाच्या जबाबदार माणसांनी तेव्हा दुसरीकडे बघायचे, हे होत राहिले तर उद्या शिट्टी हातात घ्यायला कोणी पुढे येणार नाही.

तिसरी तक्रार मोबाईलची. पूर्वी सामना सहाला संपायचा आणि हारजितीची चर्चा कट्ट्यावर चहाबरोबर चार दिवस चालायची. आता सामन्याच्या आदल्या रात्रीपासून स्टेटस आणि रील सुरू होतात. समोरच्या पेठेला उद्देशून डिवचणारी वाक्ये, जुन्या भांडणांचे तुकडे, मागे सिनेमातले संवाद. ते बनवणारी पोरे बहुतेक वेळा शाळा-कॉलेजातली असतात आणि त्यावर मंडळाचे बोधचिन्ह झळकत असते. आपले नाव, आपले चिन्ह वापरून कोण काय पसरवते आहे हे मंडळाला माहीत नसते असे मला वाटत नाही.

आणि याच पोरांबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटते. हाणामारीत नाव आले, गुन्हा दाखल झाला, की ते प्रकरण वर्षानुवर्षे चालते. पोलीस भरती असो, सैन्य असो, सरकारी नोकरी असो, पासपोर्ट असो, चारित्र्य पडताळणीत ते पुढे येते. आपल्या जिल्ह्यातली किती मुले सैन्यात आणि पोलिसात जाण्याची स्वप्ने बघत पहाटे धावतात हे मी तुम्हाला सांगायला नको. ज्या दिवशी तो मुलगा गॅलरीत पुढे होता त्या दिवशी त्याच्या पाठीवर थाप मारणारे पुष्कळ होते. कोर्टाच्या तारखेला त्याच्यासोबत त्याची आई असते. आपल्या गावातून अनिकेत जाधवसारखा खेळाडू २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आपल्या पेठांतून असे आणखी खेळाडू निघावेत एवढे गुण इथल्या पोरांच्या पायात आहेत, आणि आपण त्यांच्या वयाच्या मुलांना काय शिकवतो आहोत?

चौथी गोष्ट आवाजाची. ही मी गाण्याची श्रोती म्हणून लिहिते आहे. कोल्हापूरच्या मैदानाचे स्वतःचे संगीत आहे. कुस्तीला जी हलगी वाजते तीच फुटबॉलला वाजायची, जोडीला घुमके आणि कैताळ. उजव्या विंगने चेंडू घेऊन खेळाडू पळू लागला की हलगीवाला आपोआप लय वाढवायचा आणि गॅलरीतला प्रत्येक जण ती लय छातीत अनुभवायचा. फटका बाहेर गेला की हलगी क्षणभर थांबायची आणि पुन्हा धीम्या लयीत सुरू व्हायची. तो वादक खेळ बघत वाजवत असे, म्हणून त्या वाजवण्यात जीव होता. विजयाच्या मिरवणुकीत आता डीजेच्या भिंती आल्या. त्या खेळ बघत नाहीत, त्यांना लय वाढवायची आणि थांबवायची कळत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे आहेत. आपला हंगाम ऐन दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात असतो. अभ्यासिकेत बसलेल्या मुलांनी खिडक्या लावून घेतल्या तरी काचा थरथरतात. त्या मुलांतही आपल्या पेठेची मुले असतात. हलगीवाल्याचा रोजगार गेला तो वेगळाच.

शेवटची तक्रार जरा निराळी आहे आणि ती ऐकून काहींना नवल वाटेल. वाचणारी बाई म्हणून मी गेली अनेक वर्षे कोल्हापूरच्या फुटबॉलचा नीट, साल-तारखेसह लिहिलेला इतिहास शोधते आहे. संस्थानकाळापासून चालत आलेला हा खेळ, तालमींतून उभे राहिलेले संघ, लाल मातीत कुस्ती खेळून संध्याकाळी चेंडूमागे धावणारे पैलवान, अनवाणी खेळण्याचे दिवस, पहिले बूट कोणी आणले, कोणत्या अंतिम सामन्याला झाडांवर चढून लोक बसले, हे सगळे ज्येष्ठ मंडळींच्या तोंडी आहे. एक एक माणूस जातो आणि त्याच्याबरोबर ते जाते. तालमीच्या भिंतीवर जुन्या संघांचे फोटो असतात, पण फोटोखाली नावे नसतात. असली तर पावसाळ्याच्या ओलीने पुसट झालेली असतात. कपाटात कात्रणांच्या वह्या असतात, त्यांना कसर लागलेली असते. जे मंडळ एका चषकाच्या बक्षिसासाठी आणि रोषणाईसाठी मोठी वर्गणी उभी करू शकते, त्याला आपल्याच संघाची नावनिशी जपता येऊ नये हे मला पटत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने समोरच्या पेठेच्या खेळाडूला पाय मोडल्यावर खांद्यावर घेऊन दवाखान्यात नेले होते, अशा गोष्टी मी जुन्या माणसांकडून ऐकल्या आहेत. त्या छापून आल्या असत्या तर आजच्या पोरांपुढे ठेवायला काहीतरी असते.

हे सारे लिहिताना मी एक गोष्ट विसरलेली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले तेव्हा सर्वांत आधी धावली ती तालमींची पोरे. कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यांनी म्हाताऱ्यांना पाठीवरून बाहेर काढले, तालमीत चुली पेटवल्या, भाकऱ्या गोळा केल्या, कोण कोणत्या पेठेचे हे न विचारता पंक्ती वाढल्या. त्या दिवसांत कोणी कोणाला आदेश दिले नव्हते, तरी कामाची वाटणी चोख होती. ज्या मंडळांना पुरात एवढी शिस्त राखता येते, त्यांना दोन तासांच्या सामन्यात आपल्या वाट्याची गॅलरी सांभाळता येत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. येते, पण मनावर घेतले जात नाही, असेच मला म्हणावे लागते.

म्हणून माझ्या मागण्या मी स्पष्ट शब्दांत मांडते.

हंगामाचा पहिला सामना होण्याआधी सर्व मंडळांच्या अध्यक्षांनी एकत्र बसावे, आणि ती बैठक कोणाच्या दालनात न होता लोकांसमोर व्हावी. गॅलरीतले वर्तन कसे असेल याची एक पानी आचारसंहिता सर्वांनी मिळून ठरवावी, तिच्यावर सह्या कराव्यात आणि ती प्रत्येक तालमीच्या फलकावर लावावी. पोलिसांनी दिलेली नियमावली पोरे झुगारतात, पण तालमीच्या फलकावर स्वतःच्या वस्तादाची आणि अध्यक्षाची सही असलेला कागद ती झुगारणार नाहीत.

प्रत्येक सामन्याला प्रत्येक मंडळाने आपले स्वयंसेवक गॅलरीत उभे करावेत. त्यांची नावे आधी जाहीर असावीत आणि अंगात ओळखू येईल असे जाकीट असावे. त्यांत निदान काही जण असे असावेत ज्यांचा पेठेत दरारा आहे. शिव्यांची आरोळी उठली की ती तिथेच थांबवणे हे त्यांचे काम. सामना सुटल्यावर आधी कुटुंबे आणि वयस्कर माणसे बाहेर पडतील, मग समर्थक, हेही त्यांनीच बघावे.

जो समर्थक वस्तू फेकताना, मैदानात घुसताना किंवा पंचांवर धावून जाताना दिसेल, त्याला त्याच्याच मंडळाने त्या हंगामापुरते मैदानाबाहेर ठेवावे आणि तसे जाहीर करावे. ही शिक्षा पोलिसांनी करण्याआधी मंडळाने केली तर त्या मुलाचे आयुष्य वाचेल आणि बाकीच्यांना कळायचे ते कळेल. त्याच्यासाठी रदबदली करायला कोणी नेत्याकडे जाऊ नये. मंडळाचे नाव आणि चिन्ह वापरून डिवचणारे रील पसरवणाऱ्यांनाही हाच नियम लावावा.

गॅलरीचा एक भाग महिला, मुली आणि कुटुंबांसाठी कायमचा राखून ठेवावा, तिथे पिण्याचे पाणी असावे आणि स्वच्छ, कडी लागणारे स्वच्छतागृह असावे. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी संयोजकांकडे आणि मैदानाची देखभाल करणाऱ्यांकडे हे मागावे आणि मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. आम्ही बायका तिकीट काढून येऊ. आम्हाला फुकट प्रवेशाची सवलत नको आहे.

विजयाची मिरवणूक हलगी-घुमक्यावर निघावी, दहाच्या आत संपावी आणि बोर्डाच्या परीक्षा चालू असताना ती तालमीच्या दारापुरतीच राहावी. हरलेल्या पेठेच्या चौकातून मुद्दाम वळसा घालून मिरवणूक नेण्याचा प्रकार तर पूर्णपणे बंद व्हावा.

आणि प्रत्येक मंडळाने आपल्याकडचे जुने फोटो, कात्रणे, स्मरणिका, ढाली-चषकांवरचे मजकूर यांच्या प्रती काढून शहरातल्या एखाद्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवाव्यात. मूळ वस्तू तालमीतच राहू द्या, त्या तुमच्याच आहेत. ज्येष्ठ खेळाडूंना बोलते करून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. या कामात नावे लिहून घेणे, तारखा जुळवणे, मजकूर टंकलिखित करणे हे जे काही लागेल ते मी विनामूल्य करायला तयार आहे, कोणत्याही पेठेत यायला तयार आहे, आणि माझ्यासारखे वाचनालयातले आणखी काही सभासदही त्यासाठी वेळ देतील अशी मला खात्री आहे.

खेळातली ईर्षा संपावी अशी माझी मुळीच इच्छा नाही. समोरासमोरच्या दोन पेठांचा अंतिम सामना असावा, स्टेडियममध्ये तीळ ठेवायला जागा नसावी, नव्वद मिनिटे बरोबरीत जावीत, टायब्रेकरला गोलरक्षकाने उजवीकडे झेप घ्यावी आणि निम्म्या गॅलरीने आकाश डोक्यावर घ्यावे, याच्यासारखे सुख मला दुसऱ्या कशात फारसे सापडलेले नाही. एखाद्या रात्री देवल क्लबात गवय्या समेवर आला की अंगावर जो शहारा येतो, त्याच्या जवळ जाणारी गोष्ट मला याच मैदानावर भेटली आहे. ते सुख मला माझ्या भाचीला शेजारी बसवून अनुभवायचे आहे. ती चौदा वर्षांची आहे, शाळेच्या संघात मधल्या फळीत खेळते आणि 'मावशी, मला कधी नेणार?' असे प्रत्येक हंगामात विचारते.

साखळी सामने सुरू होण्याआधी आपली बैठक व्हावी आणि तिथे काय ठरले ते वृत्तपत्रांतून व तालमींच्या फलकांवरून जाहीर व्हावे. माझ्या मागण्यांपैकी एखादी अव्यवहार्य वाटत असेल तर ती का, हेही त्याच ठिकाणी सांगावे, आम्ही ऐकून घेऊ आणि दुसरा मार्ग सुचवू. आपल्या उत्तराची वाट पाहते आहे.

आपली नम्र,
गॅलरीतली एक प्रेक्षक,
कोल्हापूर